काजूच्या पाकिटावरचे नाव, वकिलाची नोटीस आणि ट्रेडमार्कचा कायदा

फोंडेकरीण (धागालेखिका):

फोंडा तालुक्यात आमचा काजू भाजून, सोलून पाकिटांत भरण्याचा घरगुती उद्योग आहे. सासूबाईंच्या वेळी सगळा माल सुटा विकला जाई आणि त्यातला बराचसा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाई. पाकीट, लेबल आणि नाव या गोष्टी आमच्या पिढीत आल्या. नावाचा पहिला शब्द गोव्यातल्या एका नदीचा आहे आणि दुसरा शब्द 'गोल्ड' असा आहे. पाकिटे पणजी, मडगाव आणि किनाऱ्यावरच्या काही दुकानांत जातात, आणि अलीकडे मोबाइलवरून मागणी घेऊन आम्ही गोव्याबाहेरही पाठवू लागलो आहोत.

गेल्या आठवड्यात महाराष्ट्रातील एका सुकामेवा विकणाऱ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. त्याच नदीच्या नावाने सुरू होणारे त्यांचे नाव ट्रेडमार्क नोंदणीच्या २९व्या वर्गात (मालाच्या प्रकारानुसार असे वर्ग पाडलेले असतात) नोंदलेले आहे, त्यामुळे आमच्या नावाने ग्राहकांची दिशाभूल होते, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही पंधरा दिवसांत विक्री थांबवावी, उरलेली पाकिटे आणि लेबले त्यांच्या स्वाधीन करावीत, नुकसानभरपाई द्यावी आणि पुन्हा हे नाव वापरणार नाही असे लिहून द्यावे, अशा त्यांच्या मागण्या आहेत. कंपनीचे नाव मी येथे देत नाही.

आमच्याकडे अन्नसुरक्षेचा परवाना, जीएसटी क्रमांक आणि उद्यम प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी याच नावाने आहेत. सरकारच्या तीन खात्यांनी मान्य केलेले नाव आमचे कसे नाही, आणि आमच्याच गावाजवळून वाहणाऱ्या नदीच्या नावावर परगावच्या कंपनीची मालकी कशी असू शकते, हे मला समजून घ्यायचे आहे. नोटिशीला उत्तर द्यावे की आधी त्यांना फोन करून समजावून सांगावे, याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

न्यायवाट:

फोन करू नका. रागात किंवा घाबरून फोनवर बोललेले वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध मांडले जाऊ शकते, आणि 'आम्हाला तुमचे नाव ठाऊक होते' असे सहज बोलून गेलात तर तुमच्या प्रामाणिकपणाचा मुद्दाच दुबळा होतो. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. पंधरा दिवसांची मुदत कंपनीने घातली आहे, कायद्याने नव्हे. तरीही उत्तर न देता बसणे धोक्याचे आहे, कारण नोटीस हाती पडल्यानंतर 'आम्हाला कल्पनाच नव्हती' हा बचाव उरत नाही.

हा बचाव किती मोलाचा आहे ते ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३५ मध्ये दिसते. नोंदणीकृत चिन्हाची, म्हणजे ट्रेडमार्कची, माहिती नव्हती, ती असण्याचे वाजवी कारणही नव्हते आणि कळताच वापर थांबवला, असे प्रतिवादीने पटवून दिले, तर न्यायालय नाममात्र रकमेपलीकडे नुकसानभरपाई देत नाही आणि नफ्याचा हिशेबही मागत नाही. म्हणजे नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून तुमची स्थिती बदललेली आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे पाऊल टाका.

आता तीन खात्यांबद्दल. अन्नसुरक्षेचा परवाना तुम्ही खाद्यपदार्थ विकू शकता इतकेच सांगतो, जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो आणि उद्यम प्रमाणपत्र उद्योगाचा आकार नोंदवते. यांपैकी कोणतेही खाते त्या नावावर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे का, हे तपासत नाही. कंपनी निबंधकाकडे नोंदलेल्या नावाचीही हीच गत आहे, कारण कलम २९ च्या पाचव्या पोटकलमानुसार दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह त्याच प्रकारच्या मालासाठी आपल्या व्यवसायाचे नाव म्हणून वापरणे हेच उल्लंघन ठरते. नावाचा हक्क ठरतो तो ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली, जो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे, आणि गोव्यासाठी त्याचे कार्यालय मुंबईला आहे.

म्हापशाचा दुकानदार:

परवान्यांचे समजले, परंतु मूळ प्रश्न तसाच राहिला. नदी, डोंगर, गाव ही नावे कोणाच्या खासगी मालकीची नसतात. उद्या कोणी गावाचे नाव नोंदवले तर त्या गावात राहणाऱ्याने आपल्या दुकानाच्या पाटीवर गावाचे नाव लिहायचे नाही काय? माझ्या दुकानात निदान पाच प्रकारच्या मसाल्यांच्या आणि सरबतांच्या लेबलांवर गोव्यातल्या नद्या आणि तालुके आहेत, आणि त्यामुळे कोणी गिऱ्हाईक फसल्याचे मी पाहिलेले नाही.

न्यायवाट:

आपला आक्षेप रास्त आहे आणि कायद्यालाही तो मान्य आहे, पण जितका वाटतो तितका नाही.

मालाचा प्रकार, दर्जा किंवा उगमस्थान एवढेच सांगणारे शब्द कलम ९ नुसार सहसा नोंदले जात नाहीत. दीर्घ वापराने त्या शब्दाला स्वतंत्र ओळख मिळाली असेल तर मात्र नोंदणी होऊ शकते. शिवाय नदीचे नाव काजूचे वर्णन करत नाही. काजू नदीत पिकत नाही. त्यामुळे ट्रेडमार्क निबंधक अशा शब्दाकडे कधी उगमस्थान म्हणून पाहतो, तर कधी निव्वळ कल्पक नाव म्हणून, आणि तो कोणत्या नजरेने पाहील हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट कलम १७ मध्ये आहे आणि फोंडेकरीणताईंसाठी तीच अधिक कामाची आहे. चिन्ह अनेक भागांचे बनलेले असेल तर नोंदणीने हक्क मिळतो तो संपूर्ण चिन्हावर. त्यातला एखादा शब्द स्वतंत्रपणे नोंदलेला नसेल आणि व्यापारात सर्रास वापरला जात असेल, तर त्या एकट्या शब्दावर मक्तेदारी सांगता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ब्लेंडर्स प्राइड' आणि 'लंडन प्राइड' या व्हिस्कीच्या नावांचा वाद याच दृष्टीने पाहिला. 'प्राइड' हा शब्द दोन्हीकडे आहे, परंतु तो मद्याच्या व्यापारात रुळलेला आहे आणि नावे तुकडे पाडून ताडून पाहायची नसतात, असे म्हणून न्यायालयाने मनाई नाकारली.

मात्र हाच नियम उलटही फिरतो. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांचा वाद आला होता. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर फरक कोणालाही दिसेल, पण ग्राहक बाटल्या शेजारी ठेवून खरेदी करत नाही. त्याच्या मनात पहिल्या नावाची अर्धवट आठवण असते, तो बेताच्या हुशारीचा असतो आणि नाव उच्चारताना शब्दांची चिरफाड करत नाही, अशी कसोटी न्यायालयाने लावली आणि नावे फसवे साम्य असलेली आहेत असे म्हटले. तरीही 'लक्ष्मणधारा'वाल्यांना उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण ते तेथे वर्षानुवर्षे उघडपणे धंदा करत होते आणि 'अमृतधारा'वाल्यांनी ते चालू दिले होते.

दुकानदारसाहेब, आपले गिऱ्हाईक फसत नसेलही. परंतु ते आपल्याला ओळखते आणि विचारून घेते. पणजीच्या बसस्थानकाजवळ घाईघाईने पाव किलो काजू घेणारा पर्यटक विचारत नाही, आणि न्यायालय त्याला डोळ्यांपुढे ठेवते.

कुळागर:

नदीचे नाव हा गोव्यातला एक प्रकार झाला. याहून मोठा प्रकार देवस्थानांच्या नावांचा आहे. मंगेशी, शांतादुर्गा, महालसा, दामोदर यांच्या नावाने किती बेकऱ्या, ट्रॅव्हल्स, किराणा दुकाने आणि बार आहेत याची मोजदाद अशक्य आहे, आणि आपली श्रद्धा आहे म्हणून नाव ठेवले यात कोणाचा कपटी हेतू नसतो. पण अशा नावाची व्यापारी ताकद शून्य असते, हे आपले व्यावसायिक लक्षात घेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्याने नोंदवता येणार नाही असा निर्णय दिला, कारण धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एका व्यापाऱ्याचा हक्क चालणार नाही. देवाचे नाव ठेवणारा स्वतः फारसा अडचणीत येत नाही. दुसऱ्याने तेच नाव घेतले की त्याला काही करता येत नाही, एवढाच त्याचा तोटा आहे.

आता काजूचा विषय निघालाच आहे तर भौगोलिक निर्देशांकाबद्दल (जीआय, म्हणजे प्रदेशावरून ओळखल्या जाणाऱ्या मालाच्या नावाची नोंदणी) लिहितो, कारण आमच्या भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, मालाचा प्रश्न तेथे अडतो. फेणीला २००९ मध्ये हा दर्जा मिळाला. खोल्याची मिरची, खाजे, मानकुराद आंबा, बेबिंका हीही नावे गेल्या काही वर्षांत त्या यादीत गेली आणि गोव्याच्या काजूचाही त्यात समावेश झाला आहे. ट्रेडमार्क एका मालकाचा असतो, तर भौगोलिक निर्देशांक त्या प्रदेशातल्या सर्व उत्पादकांचा असतो आणि तो वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदवहीत नाव घालावे लागते. म्हणून 'फेणी' हा शब्द आपल्या ब्रँडचा म्हणून कोणालाही अडवून ठेवता येत नाही, आणि त्याचबरोबर बाहेरून आणलेल्या दारूवर तो छापताही येत नाही. आफ्रिकेतून आलेला कच्चा काजू येथे भाजून त्यावर 'गोव्याचा काजू' असे छापणाऱ्यांनी तर हा भाग दोनदा वाचावा.

फेणी बाटलीबंद करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा मी वारंवार पाहतो. अबकारी खात्याकडे लेबल नोंदले की आपले नाव सुरक्षित झाले असे ते समजतात. ती नोंद मद्यविक्रीच्या नियमनासाठी आहे. नावाच्या मालकीशी तिचा संबंध नाही.

रंगरेषा:

कळंगुट आणि बागा या पट्ट्यातल्या दुकानांसाठी मी टीशर्टची चित्रे काढते. प्रसिद्ध ब्रँडच्या नावात एखादे अक्षर बदलून, त्याच वळणाच्या अक्षरांत काजू, मासळी किंवा सुशेगाद जीवनावर विनोद करायचा, ही तिथली सर्वांत खपणारी चित्रे आहेत. विनोद आहे म्हणून चालते, असे दुकानदार सांगतात. ते खरे आहे काय?

न्यायवाट:

नाही. निदान विक्रीच्या मालावर तरी नाही. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ग्रीनपीस या संस्थेने टाटांचे बोधचिन्ह वापरून काढलेला कासवांचा संगणकीय खेळ थांबवण्यास नकार दिला होता, पण तो खेळ एका बंदरामुळे होणाऱ्या पर्यावरणाच्या हानीवर टीका करण्यासाठी होता आणि त्यातून काही विकले जात नव्हते. टीशर्टवरचा विनोद हाच विकाऊ माल असतो. शिवाय नामांकित चिन्हांना कलम २९ च्या चौथ्या पोटकलमाचे वेगळे संरक्षण आहे: माल पूर्णपणे भिन्न असला तरी त्या नावाच्या कीर्तीचा अनुचित फायदा घेतला किंवा तिला बाधा आणली, तर ते उल्लंघन ठरते. म्हणून 'बुटांची कंपनी टीशर्ट विकत नाही' हा युक्तिवाद टिकत नाही.

मूळ चिन्ह जसेच्या तसे छापणे तर थेट गुन्हा आहे. कलम १०३ आणि १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, आणि ती छापणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही लागू होते. विक्रेत्याला सुटायचे असेल तर आपण वाजवी काळजी घेतली होती, संशयाला जागा नव्हती आणि माल कोणाकडून आला ते आपण सांगितले, हे सिद्ध करावे लागते. रोखीने, बिलाशिवाय घेतलेल्या गठ्ठ्याबाबत हे सिद्ध करणे किती कठीण आहे ते तुमच्या दुकानदारांनाच विचारा.

कायदा सगळ्याच उल्लेखांना मनाई करतो असे मात्र समजू नये. भाड्याने स्कूटर देणाऱ्याने आपल्याकडे अमुक कंपनीच्या गाड्या आहेत असे साध्या अक्षरांत लिहिणे, किंवा सुटे भाग विकणाऱ्याने ते कोणत्या गाडीला बसतात हे सांगणे, कलम ३० मध्ये मान्य आहे. पाटीवर कंपनीचे बोधचिन्ह मोठे रंगवून आपण तिचेच अधिकृत केंद्र आहोत असा भास निर्माण केला की ती सवलत संपते.

रंगरेषा:

म्हणजे निम्मी चित्रे काढून टाकावी लागतील. दुकानदारांना हे लेखी कळवते, कारण मागणी त्यांची असली तरी चित्राखाली सही माझी असते.

फोंडेकरीण:

सर्वांचे आभार. बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेतला. नुसते शब्द टाकून पाहिले तेव्हा कंपनीची एकच नोंद दिसली. उच्चारसाम्याचा पर्याय निवडल्यावर त्याच नदीचे नाव असलेल्या आणखी कितीतरी नोंदी निघाल्या, त्यांतल्या काही खाद्यपदार्थांच्याच आहेत आणि मालक वेगवेगळे आहेत. हा शोध पाकीट छापण्याआधी घेता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. छापखान्यात तर केवळ रंग विचारले गेले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कंपनीच्या अर्जात वापराच्या रकान्यात 'प्रस्तावित वापर' असे लिहिलेले आहे. आमच्या पहिल्या पाकिटांचे छापखान्याचे बिल त्या अर्जाच्या तारखेच्या आधीचे आहे. याचा अर्थ आम्ही सुटलो, असा घ्यावा काय?

न्यायवाट:

सुटलात असे म्हणणार नाही, पण तुमची बाजू एकदम भक्कम झाली आहे.

आपल्याकडे पहिला हक्क पहिल्या वापरणाऱ्याचा असतो, पहिल्या नोंदवणाऱ्याचा नव्हे. कलम ३४ नुसार जुन्या वापरकर्त्याला नोंदणीकृत मालक अडवू शकत नाही, परंतु त्याची अट नीट वाचा: तुमचा वापर मालकाचा वापर आणि त्याची नोंदणी या दोहोंपैकी जे आधीचे असेल त्याच्याही आधीपासून, सलगपणे चालू असला पाहिजे. नोंदणी झाली की तिची तारीख अर्जाच्या तारखेपर्यंत मागे जाते, म्हणून अर्जाच्या आधीचा वापर दाखवणे आवश्यक आहे. 'प्रस्तावित वापर' म्हणजे अर्जाच्या दिवशी कंपनीने ते नाव अजून बाजारात आणले नव्हते असे तिचेच म्हणणे, आणि ते तुमच्या पथ्यावर पडते.

तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' या प्रसिद्ध मिठाईच्या नावाचा खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यात दोन्ही पक्षांकडे नोंदणी होती, आणि तरीही आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा श्रेष्ठ मानला गेला.

आता अडचणीची बाजू. छापखान्याचे बिल म्हणजे विक्री नव्हे. त्या काळातली दुकानांना दिलेली बिले, बँकेतल्या जमा रकमा, जुन्या पाकिटाची तारीख कळेल अशी छायाचित्रे, मोबाइलवरच्या मागण्या, जे मिळेल ते वर्षवार लावा. मध्ये एखादा हंगाम उत्पादन बंद होते काय, हे प्रामाणिकपणे पाहा, कारण 'सलगपणे' या शब्दावर समोरचा वकील बोट ठेवणार. सासूबाईंच्या काळातला सुटा माल येथे उपयोगी नाही. त्यावर नाव नव्हते.

उत्तर एखाद्या ट्रेडमार्कचे काम करणाऱ्या वकिलाकडूनच पाठवा. त्याच्याबरोबर कॅव्हेट (न्यायालयाला आगाऊ दिलेली सूचना) दाखल करण्याचाही विचार करा, म्हणजे तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई होण्याची शक्यता कमी होते. कॅव्हेट ९० दिवस टिकते. उल्लंघनाचा दावा वादी आपल्या व्यवसायाच्या ठिकाणीही आणू शकतो, त्यामुळे तो गोव्यातच येईल असे गृहीत धरू नका.

म्हापशाचा दुकानदार:

कायद्याने बाजू भक्कम असली तरी कोर्टाच्या वाऱ्या करणे घरगुती उद्योगाला परवडते काय? काजूचा हंगाम मार्च ते मे. त्याच वेळी तारखा पडल्या तर भट्टी कोण सांभाळणार? माझे मत असे आहे की नाव थोडे बदलावे आणि मोकळे व्हावे.

कुळागर:

आपल्याशी मी असहमत आहे. आज नोटीस आली म्हणून नाव सोडायचे, तर उद्या नव्या नावावरही कोणी नोटीस पाठवील. बेंगळुरूच्या 'नंदिनी' उपाहारगृहांनी कर्नाटकच्या दूध महासंघाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद चालवला आणि २०१८ मध्ये जिंकला. महासंघाचे दुधाचे नाव जुने होते, तरी उपाहारगृहाचा व्यवसाय वेगळा आणि बोधचिन्ह वेगळे म्हणून त्यांची नोंदणी टिकली. केवळ दूध आणि दुधाचे पदार्थ त्यांना वगळावे लागले.

न्यायवाट:

ते उदाहरण येथे तंतोतंत बसत नाही, कारण येथे दोघेही सुकामेवाच विकतात. दुकानदारसाहेबांचा व्यवहारी सल्ला मी उडवून लावणार नाही. मात्र नाव बदलायचे तर ते लेखी तडजोडीत, तुमच्या अटींवर बदला: जुना साठा संपवण्यासाठी एक हंगाम मिळावा, नुकसानभरपाई नसावी, आणि नव्या नावाला कंपनी विरोध करणार नाही असे तिने लिहून द्यावे. जुन्या वापराचा पुरावा हाती असताना अशी तडजोड मिळण्याची शक्यता बरीच असते, कारण तुम्ही उलट त्यांची नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज करू शकता, हे त्यांचा वकीलही जाणतो.

फोंडेकरीण:

घरात बोलणे झाले. कालच पणजीच्या वकिलांना सर्व बिले दिली. उत्तर कलम ३४ वर आधारून जाईल आणि त्यातच तडजोडीची तयारीही कळवली जाईल. नदीचे नाव ठेवून दुसरा शब्द आणि पाकिटाची ठेवण पूर्ण बदलण्यास आमची हरकत नाही, कारण 'गोल्ड' हा शब्द अर्ध्या बाजाराच्या लेबलांवर आहे हे या शोधात दिसलेच. नवे नाव ठरले की अर्जही करणार आहोत. कोकमाचे सरबत आणि आमसुलेही पुढच्या वर्षी सुरू करायची आहेत. ती त्याच अर्जात बसतील काय?

न्यायवाट:

प्रक्रिया केलेला काजू आणि सुकवलेली फळे २९व्या वर्गात येतात, म्हणून आमसुले तेथे जातील. सरबत ३२व्या वर्गात जाते आणि न भाजलेला कच्चा काजू विकणार असाल तर तो ३१व्या. अर्ज एकच करता येतो, पण शुल्क वर्गागणिक पडते. उद्यम प्रमाणपत्र जोडल्यास ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात, एरवी ९,०००. तुमच्या त्या प्रमाणपत्राचा खरा उपयोग येथे आहे. नवे नाव अद्याप वापरलेले नसेल तर 'प्रस्तावित वापर' असेच लिहा, जुन्या नावाची तारीख त्याला लावू नका. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिने इतरांच्या विरोधासाठी असतात, तेव्हा त्या काळात टपाल आणि ईमेल पाहत राहा. आणि नोंदणी होईपर्यंत पाकिटावर वर्तुळातले नोंदणीचे अक्षर (®) छापू नका. नोंदणी नसताना ते छापणे कलम १०७ खाली बेकायदेशीर आहे, आणि छापखानेवाले सुंदर दिसते म्हणून ते विचारल्याशिवाय टाकतात.